कोटेशन पाठवण्याआधी तपासणी विका

आपला प्रश्न असा आहे की, संगणक-देखभालीची सेवा देणाऱ्या आपल्या तिघांच्या फर्मने गेल्या सहा महिन्यांत २० ते ६० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना सुमारे ३० कोटेशने पाठवली, त्यांतून दोनच कामे मिळाली आणि बाकीच्या बहुतेकांनी "सध्या सगळे व्यवस्थित चालले आहे, गरज पडली की कळवतो" असे उत्तर दिले. तर आता दर कमी करावेत की सेवांची यादी वाढवावी? या व्यवसायात विक्री आणि प्रत्यक्ष सेवा या दोन्ही बाजूंनी मी अठरा वर्षे काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की यांपैकी काहीही करू नये. आपले दर चुकीचे आहेत असे मला वाटत नाही. आपण कोटेशन फार लवकर पाठवता, आणि सगळी अडचण तेथून सुरू होते.

लहान कंपनीच्या मालकाच्या हाती कोटेशन पडते तेव्हा काय घडते, ते पाहा. फायरवॉल कोणती, बॅकअप कोणत्या पद्धतीचा, अँटिव्हायरसची कोणती आवृत्ती, यांतले बरेवाईट ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ नसते, आणि ते असावे अशी अपेक्षाही रास्त नाही, कारण त्याचा धंदा वेगळा आहे. त्या कागदावर त्याला निश्चित कळते ती फक्त शेवटची रक्कम. तो ती रक्कम आपल्या जुन्या टेक्निशियनला सांगतो, टेक्निशियन थोडी कमी सांगतो आणि विषय संपतो. यात मालकाचा अप्रामाणिकपणा नाही. तुलना करण्यासाठी आपण त्याला दुसरे काही दिलेलेच नसते.

"सगळे व्यवस्थित चालले आहे" हे उत्तरही टाळाटाळ म्हणून घेऊ नये. त्याच्या जागेवरून ते खरे असते. त्याला संगणकाच्या दोनच अवस्था दिसतात, काम चालू आहे किंवा बंद पडले आहे. या दोहोंच्या मध्ये जे असते, म्हणजे खराब होत चाललेली हार्ड डिस्क, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे अजून चालू असलेले खाते, कधीच तपासून न पाहिलेला बॅकअप, ते त्याला दिसत नाही. ते दाखवणे हीच आपली विक्री आहे, आणि ते त्याच्याच कार्यालयात, त्याच्याच यंत्रांवर दाखवावे लागते.

येथे पुष्कळ विक्रेते भीतीचा आधार घेतात आणि रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या, बातम्या पुढे ठेवतात. मी हे पूर्णपणे सोडून दिले आहे, कारण घाबरलेला मालक एखादे उपकरण विकत घेतो, पण वर्षभराचा करार करत नाही. अशी एखादी घटना कारण समजावून सांगण्यासाठी मात्र उपयोगी पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली होती त्यांच्याकडे त्याची ती वाट बंद होती. हे शांतपणे सांगितले की मालक स्वतःच विचारतो, "आमच्याकडे हे अपडेट कोण बघते?" बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कार्यालयात कोणाजवळच नसते. त्याने स्वतः विचारलेल्या त्या एका प्रश्नाचा परिणाम आपल्या दहा इशाऱ्यांहून जास्त होतो.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्या भेटीनंतर कोटेशन पाठवू नये. दोन-तीन दिवसांची, ठरावीक शुल्काची तपासणी सुचवावी. शुल्क लहान ठेवावे, पण फुकट करू नये. फुकट तपासणीकडे विक्रीची युक्ती म्हणून पाहिले जाते आणि तिचा अहवाल कोणी वाचत नाही. पैसे मोजून करून घेतलेल्या तपासणीचा अहवाल मालक स्वतः वाचतो आणि हिशोबनिसालाही वाचायला देतो. ठरावीक मुदतीत करार झाल्यास हे शुल्क त्यातून वजा करावे. जो मालक इतकेही द्यायला तयार नसतो तो पुढे वार्षिक करार करण्याची शक्यता फारच कमी, आणि हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात कळते, हाही लाभच आहे.

तपासणीत काय पाहावे याची लांबलचक यादी देत नाही, ती आपल्यालाही ठाऊक असेल. कोणत्या यंत्रांवर विंडोज १० अजून आहे हे अवश्य नोंदवावे, कारण तिचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ईमेलला टू-फॅक्टर पडताळणी (पासवर्डसोबत फोनवरील कोडसारखी दुसरी खूण) लावलेली आहे का आणि ॲडमिन पासवर्ड कोणाकोणाकडे आहेत, हे पाहावे. कंपनीचे डोमेन नाव, म्हणजे तिच्या वेबसाइटचा आणि ईमेलचा पत्ता, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, हे तर विसरूच नये. ते एखाद्या जुन्या टेक्निशियनच्या खासगी ईमेलवर नोंदलेले असल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी तपासणीची सुरुवातच तेथून करतो.

पण तपासणीचा गाभा म्हणजे रिस्टोअर, अर्थात बॅकअपमधून माहिती परत मिळवून पाहणे. बॅकअप आहे का, असे विचारू नये. मालकाच्या लेखी परवानगीने तो वेगळ्या यंत्रावर परत उभा करून दाखवावा. चालू सर्व्हरला त्यासाठी हातही लावू नये. एका वितरण कंपनीत बॅकअप प्रणाली रोज रात्री काम यशस्वी झाल्याची नोंद करत होती. आम्ही रिस्टोअर केले तेव्हा सर्व फायली आल्या, पण हिशोबाचा डेटाबेस उघडेना, कारण कॉपी होत असताना तो रोज चालूच असे आणि त्याची अर्धवट बदललेली प्रत जतन होत होती. कोणीही निष्काळजी नव्हते. फक्त अकरा महिन्यांत कोणी ती प्रत उघडून पाहिली नव्हती. मालक शेजारी बसून हे पाहत होते, आणि त्या दिवसानंतर दराविषयीचे आमचे बोलणे निराळ्या पायावर झाले.

रिस्टोअर यशस्वी झाले तरी ही चाचणी वाया जात नाही. सुरुवात केल्यापासून पहिले बिल प्रत्यक्ष उघडेपर्यंत किती वेळ लागला, तो घड्याळ लावून नोंदवावा, आणि शेवटच्या प्रतीनंतर किती तासांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील तेही लिहावे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हा ३-२-१ चा नियम मालकाला समजावण्याची योग्य वेळही हीच. सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्क रॅन्समवेअर सर्व्हरसोबतच कुलूपबंद करू शकतो, हे त्या क्षणी त्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

यानंतर नुकसानीचा हिशोब करायचा, पण आपल्या आकड्यांनी करू नये. बिलिंग करणाऱ्या किंवा गोदाम सांभाळणाऱ्या व्यक्तीजवळ बसून, गेल्या वर्षी काम किती वेळा आणि किती वेळ अडले, ते विचारावे. मालकाहून या माणसांना ते नेमके आठवते. २० माणसांचे काम एका दुपारी चार तास थांबले तर ८० तास गेले, म्हणजे दहा जणांचा पूर्ण दिवस. त्या दिवसाची किंमत मालकाने स्वतः लिहावी. आपण सांगितलेल्या आकड्यावर तो घासाघीस करील. स्वतः लिहिलेल्या आकड्यावर करणार नाही.

जुन्या टेक्निशियनविषयी एक वावगा शब्द काढू नये. त्याला मालकाने निवडलेले असते, आणि अडचणीच्या वेळी तो रात्री-अपरात्री धावून आलेला असतो. त्याच्यावरील टीका मालकाला आपल्या निवडीवरील टीका वाटते. शक्य असेल तेथे यंत्रदुरुस्तीचे काम त्याच्याकडेच राहू द्यावे आणि तसे प्रस्तावात लिहावे. मला मिळालेल्या कामांपैकी काही तर अशाच टेक्निशियनांनी पुढे स्वतःहून सुचवलेली आहेत.

आता कोटेशन लिहावे, आणि ते अहवालाच्या आधारावर असल्यामुळे एका पानात बसते. प्रत्येक रक्कम अहवालातील कोणत्या त्रुटीसाठी आहे, ते तिच्यासमोर लिहावे. जुन्या टेक्निशियनला तोच दर सांगायचा असेल, तर त्याला त्या त्रुटीचेही उत्तर द्यावे लागेल. करार मासिक रकमेचा असावा, दर खेपेच्या शुल्काचा नसावा. दर खेपेच्या पद्धतीत ग्राहकाचे यंत्र बिघडले की आपली कमाई वाढते, आणि मालकाच्या मनात हा संशय न बोलताही असतो. मासिक पद्धतीत यंत्रे चालू राहण्यात दोघांचाही फायदा असतो. मात्र काय समाविष्ट नाही, ते तितक्याच स्पष्टपणे लिहावे. "अमर्याद सपोर्ट" असे लिहून आणि आठ-दहा वर्षांची जुनी यंत्रे त्यातून न वगळता मी एक करार केला होता. त्या वर्षी आमचे दोन अभियंते जवळजवळ पूर्णवेळ तेथेच अडकले आणि इतर ग्राहकांची सेवा ढासळली.

प्रतिसादाचा वेळ आणि दुरुस्तीचा वेळ हे करारात वेगवेगळे लिहावेत. तासाभरात फोन उचलणे आणि तासाभरात सर्व्हर उभा करणे यांतला फरक ग्राहकाला बिघाडाच्या दिवशी कळू नये, सही करण्यापूर्वी कळावा. टक्केवारीचे आश्वासन द्यायचे असेल तर ते तासांत सांगावे: ९९ टक्के म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद, आणि ९९.९ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ तास.

आणखी एक गोष्ट, जी विक्रीत मोडत नाही असे वाटेल, पण मोडते. आपण ग्राहकाच्या सर्व यंत्रांच्या किल्ल्या मागत असतो. जुलै २०२१ मध्ये कासेया कंपनीच्या ज्या सॉफ्टवेअरने सेवा-पुरवठादार आपल्या ग्राहकांची यंत्रे दुरून सांभाळत, त्यातूनच हल्ला झाला. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे तिचे ६० हून कमी थेट ग्राहक, पण त्यांच्यामार्फत १,५०० पर्यंत लहान-मोठे व्यवसाय त्यात सापडले. त्यामुळे स्वतःच्या तीन यंत्रांवर टू-फॅक्टर, ग्राहकागणिक वेगळे पासवर्ड आणि प्रवेशाच्या नोंदी हे सारे आपल्याकडे आधीपासून हवे, आणि ते कसे आहे हे न विचारताच सांगावे. डोमेन, क्लाउड खाती आणि लायसन्स ग्राहकाच्याच नावावर राहतील आणि करार संपल्यास सर्व पासवर्ड ठरावीक दिवसांत सुपूर्द केले जातील, हे कलमही स्वतःहून घालावे. आपण सोडून गेलो तर काय, ही लहान मालकाची मोठी चिंता असते आणि ती तो क्वचितच बोलून दाखवतो.

आपल्या जुन्या ३० कोटेशनांपैकी ज्यांचा धंदा आपल्याला खरोखर समजतो अशा पाच कंपन्या निवडा. त्यांना सुधारित दर पाठवू नका. मालकाला फोन करून एवढेच विचारा की, त्यांचा बॅकअप शेवटचा कधी परत उघडून पाहिला होता आणि तेव्हा किती वेळ लागला होता. बहुतेकांना तारीख सांगता येणार नाही. त्याच फोनवर तपासणीचा दिवस ठरवा, आणि त्या दिवशी तीन तास मोकळे ठेवण्याची विनंती मालकाला आधीच करा, कारण ते समोर नसताना केलेल्या रिस्टोअरचा अर्धा उपयोग वाया जातो.