मानहाइमचा फुलटाइम एमबीए : फी, भाषा आणि नोकरीचं खरं चित्र

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ३१, मेकॅनिकल इंजिनियर, नाशिकला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात सात वर्षं. मानहाइम विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून फुलटाइम एमबीए करायचाय, कारण विद्यापीठ सरकारी आहे आणि जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते असं ऐकलंय. शिकवणं इंग्रजीत, म्हणून जर्मन तिथे गेल्यावर शिकू. बायकोला नेता येईल का, आणि नंतर नोकरी मिळेल का?

मी हाच एमबीए केलाय आणि तेव्हापासून याच भागात नोकरी करते आहे. तुम्ही मोठ्या रकमेचं कर्ज काढायच्या बेतात दिसता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फी. बॅचलर आणि त्याला लागून केला जाणारा मास्टर्स यांना इथल्या बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नसते, हे खरं. पण एमबीए त्यात मोडत नाही. नोकरीचा अनुभव घेऊन परत शिकायला येणाऱ्यांचा हा अभ्यासक्रम, आणि त्यासाठी सरकारी विद्यापीठही पूर्ण पैसे घेतं. मानहाइमने तर तो चालवायला ना-नफा तत्त्वावर वेगळी कंपनी काढलेली आहे. पदवी विद्यापीठाची, कारभार स्कूलचा. फी चाळीस हजार युरोंच्या वर आहे. आणि साधा मास्टर्स जरी करायचं म्हटलं, तरी मानहाइम ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १५०० युरो घेतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ पासून अशी फी सुरू केली.

त्यावर राहण्याचा खर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. मानहाइममध्ये काटकसरीने राहिलात तर तेवढ्यात भागतं, खोली स्वस्त मिळाली तर. युरो शंभर रुपयांचा धरला तरी सगळं मिळून पंचावन्न ते साठ लाखांचा हिशेब होतो. त्यात तुमच्या वयाचा एक खर्च आहे, जो एजंट सांगत नाहीत. विद्यार्थ्यांचा सवलतीचा सरकारी आरोग्य विमा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. तुम्हाला बहुधा खाजगी विमा घ्यावा लागेल. त्यातही फक्त व्हिसापुरता घेतलेला स्वस्त प्रवासी विमा आणि पूर्ण संरक्षण देणारा विमा यांत फार फरक असतो. निवास परवाना देणारं कार्यालय पहिला प्रकार सहसा स्वीकारत नाही, तेव्हा पॉलिसी निवडताना हे विचारूनच घ्या.

कर्ज बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर त्यातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही. व्याजावरची आयकर सवलत मात्र कर्ज घेणाऱ्याचं भारतात करपात्र उत्पन्न असेल आणि जुनी कररचना निवडली असेल तरच कामाची. तुम्ही दोघंही इकडे आलात तर तिचा उपयोग शून्य, म्हणून हप्त्याचा हिशेब करताना ती मोजूच नका.

आता ज्यावर तुम्ही काही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं ते. तुम्हाला एमबीए हवाय की जर्मनी? जर्मनीत येऊन नोकरी करणं एवढंच ध्येय असेल, तर एमबीए हा त्याचा सगळ्यात महाग रस्ता आहे. तुमच्याकडे इंजिनियरिंगची पदवी आणि सात वर्षांचा अनुभव आहे. १ जून २०२४ पासून चान्सनकार्टे नावाचा परवाना सुरू झालाय, त्यावर वर्षभर इथे राहून नोकरी शोधता येते. त्यासाठी जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ ही किमान अट (या भाषेच्या युरोपीय पातळ्या : ए१ अगदी प्राथमिक, मग ए२, बी१, बी२), आणि राहण्याच्या खर्चाची तरतूद. साठ लाखांच्या कर्जापुढे हा रस्ता खूप हलका आहे. तोही नको असेल तर एखाद्या सरकारी उच्चशाळेतला (होखशुल, म्हणजे पदवी देणारी उच्च शिक्षणसंस्था) तांत्रिक मास्टर्स बघा. मानहाइमचा मॅनेजमेंटमधला एमएस्सी नावाजलेला आहे, पण त्याला बॅचलरमध्येच व्यवस्थापन-वाणिज्याचे ठरावीक क्रेडिट लागतात आणि बीई मेकॅनिकलवाल्याकडे ते नसतात.

एमबीए कुणी करावा, तर ज्याला कामाचा प्रकारच बदलायचाय त्याने. क्वालिटीतून खरेदी विभागात, सप्लाय चेनच्या व्यवस्थापनात, प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचं असेल, लोकांची आणि पैशांची जबाबदारी हवी असेल, तर या वर्षाचं चीज होतं. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही, म्हणून विचारते आहे. एवढ्यासाठी पैसे कमी पडत असतील तर बर्लिनच्या एचडब्ल्यूआरसारख्या सरकारी उच्चशाळांचे एमबीए मानहाइमपेक्षा बरेच स्वस्त आहेत, तेही बघा. आणि पुण्यातल्या एखाद्या सल्लागाराने चकचकीत माहितीपत्रक असलेलं खाजगी विद्यापीठ सुचवलं, तर पैसे भरण्याआधी होखशुलकोम्पास या जर्मन उच्च शिक्षणसंस्थांच्या यादीत ती संस्था सरकारमान्य म्हणून आहे का, हे स्वतः तपासा.

मानहाइमबद्दल मी मनापासून चांगलं सांगेन. एएसीएसबी, इक्विस आणि एएमबीए या बिझनेस स्कूलच्या तिन्ही मोठ्या आंतरराष्ट्रीय मान्यता आहेत, आणि व्यवसाय-व्यवस्थापन म्हटलं की जर्मन माणूस या विद्यापीठाचं नाव आधी घेतो. प्रवेशाला पदवीनंतर किमान तीन वर्षांचा अनुभव आणि सहसा जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते. वर्ग लहान, देश खूप. वर्गातल्या बोलण्यालाही गुण असतात, त्यामुळे आपल्याकडच्या सवयीने शेवटच्या बाकावर बसून वह्या भरल्यात तर अभ्यास करूनही मागे राहाल. गट शिक्षक ठरवतात. आमच्या गटातली ब्राझीलची बँकर आणि तैवानचा इंजिनियर एकाच ताळेबंदावरून रात्री अकरापर्यंत भांडायचे, आणि मी ताळेबंद वाचायला खऱ्या अर्थाने तिथे शिकले. गुण उलटे असतात : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास.

पण एक गोष्ट माहितीपत्रकात दिसत नाही. फुलटाइमच्या वर्गात जर्मन फार थोडे असतात. इथला नोकरदार माणूस नोकरी सोडून वर्षभर शिकायला बसत नाही; तो पार्टटाइम किंवा एक्झिक्युटिव्ह एमबीए करतो. ज्यांच्या ओळखीतून पुढे नोकऱ्या निघतात ते लोक त्या वर्गांत बसलेले असतात. संध्याकाळचे कार्यक्रम, माजी विद्यार्थ्यांच्या बैठका, कंपन्यांच्या भेटी यांतून त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं, आणि कॉफीच्या टेबलाभोवती ते जर्मनच बोलतात.

म्हणून भाषा. "तिथे गेल्यावर शिकू" हा बेत सोडून द्या, माझं कळकळीचं सांगणं आहे. हा एमबीए साधारण वर्षभराचा, सप्टेंबरात सुरू होतो. अमेरिकेसारखी दोन वर्षं आणि मधला उन्हाळा मिळत नाही. पहिल्या सत्रात फायनान्स, अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, गटांची कामं आणि अर्ज पाठवणं एकाच वेळी सुरू असतं. त्यात शून्यापासून जर्मन शिकणं जमत नाही. माझ्या वर्गात ज्यांना येतानाच बी१ होतं त्यांना आधी नोकऱ्या लागल्या, त्यांच्यापेक्षा हुशार लोक मागे राहिले. तुमच्या क्षेत्रात तर भाषेशिवाय पान हलत नाही. क्वालिटीचा माणूस शॉप फ्लोअरवर जातो, फोरमनशी बोलतो, पुरवठादाराकडे ऑडिटला जातो. इंग्रजीवर चालणारी खाती म्हणजे सॉफ्टवेअर, डेटा, काही ग्लोबल टीम. प्रेस शॉप त्यात येत नाही.

तुम्ही नाशिकला आहात, म्हणजे पुण्याचं मॅक्स म्युलर भवन जवळ आहे आणि वर्ग ऑनलाइनही मिळतात. नोकरी करत ए१पासून बी१पर्यंत जायला वर्ष लागतं, नेटाने केलं तर थोडं कमी. ते वर्ष द्या. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा लागला तरी चालेल. साठ लाखांच्या कर्जाचा पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा या बी१ची किंमत कळते.

नोकरीचं चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करण्याचा करार केला, बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजार जागांची कपात जाहीर केली. म्हणजे तुमचं मूळ क्षेत्रच अडचणीत आहे. पण मानहाइमची जागा चांगली आहे : ऱ्हाइन ओलांडली की लुडविग्सहाफेनमध्ये बीएएसएफ, वाल्डॉर्फमध्ये एसएपी, शहरातच रोश, फुक्स, डाइमलर ट्रक आणि जॉन डिअरचा ट्रॅक्टरचा कारखाना, हायडेलबर्गला सिमेंटवाले. यांतल्या बऱ्याच कंपन्यांचं काम पुण्या-मुंबईशी जोडलेलं आहे. पुण्याच्या टीमशी रोज बोलणारा, दोन्हीकडची कामाची पद्धत जाणणारा माणूस त्यांना लागतो, आणि तिथे तुमचं मराठी-हिंदीही उपयोगी पडतं. व्हीडीए ६.३ची (जर्मन वाहन उद्योगाच्या प्रक्रिया-ऑडिटचं मानक) ऑडिटर परीक्षा दिलेली असेल तर सीव्हीच्या पहिल्या पानावर लिहा. नसेल दिली तर भारतात असतानाच देऊन या. इथल्या पुरवठादार-व्यवस्थापनाच्या मुलाखतीत त्यावरून लगेच बोलणं सुरू होतं.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. कंपन्या सावकाश चालतात. अर्जापासून करारापर्यंत तीन-चार महिने सहज जातात, त्यामुळे तो काळ वाटतो तेवढा मोठा नाही. शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण एमबीएच्या वर्षात वेळ फारसा उरत नाही. पुढे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना. २०२५ साली त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता, नुकतीच पदवी घेतलेल्यांना ४३,७५९.८० पुरत होते. हा आकडा दर जानेवारीत वाढतो. ब्लू कार्डवर बी१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए१वर २७ महिन्यांत.

बायकोबद्दल. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला व्हिसा मिळतो, पण साधारणपणे तिला ए१ लागतं आणि दोघांच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. आल्यावर तिला नोकरी करायची मुभा असते. तुम्हाला ब्लू कार्ड मिळाल्यावर ती आली तर ए१ची अट नसते. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तिने भारतात नोकरी चालू ठेवावी. एकटीने घर सांभाळणं सोपं नाही, हे मला माहीत आहे, आणि ठरवायचं तुम्ही दोघांनी मिळून. पण ज्या वर्षात तुम्ही सकाळी आठ ते रात्री अकरा बाहेर असाल, त्या वर्षात ती भाषा न येता अनोळखी गावातल्या एका खोलीत बसून असेल, हेही बोलताना समोर ठेवा. ती इथे आल्यावर काय काम करणार, तिच्या पदवीला इथे मान्यता आहे का, हे तुमच्या प्रवेशाइतकंच आधी शोधायला हवं.

गाव राहायला चांगलं आहे. मध्यभागी रस्त्यांना नावं नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा. आठवड्यात सवय होते. विद्यापीठ जुन्या राजवाड्यात भरतं. मार्क्टप्लात्झजवळच्या तुर्की दुकानांत कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं, त्यामुळे शाकाहारी असाल तरी अडत नाही. रविवारी दुकानं बंद. फ्रँकफर्टचा विमानतळ जलद गाडीने अर्ध्या तासावर आहे. खोली मात्र प्रवेशाचं पत्र हातात येताच शोधायला लागा आणि न बघता कुणालाही अनामत पाठवू नका. पैसे उकळणारे लोक परदेशी विद्यार्थीच हेरतात.

कागदांत पहिला नंबर एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याचा. भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, शुल्क १८ हजार रुपये, आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका विद्यापीठातून काढायला वेळ जातो, म्हणून ते काम या महिन्यातच हाती घ्या.

आणि आत्ताच्या कंपनीतून निघताना फक्त तारखा लिहिलेलं दोन ओळींचं अनुभवपत्र घेऊ नका. इथे प्रत्येक अर्जासोबत आधीच्या मालकाचं सविस्तर पत्र मागतात : कोणती कामं केली, किती लोक हाताखाली होते, कोणत्या ग्राहकांची ऑडिट सांभाळली, काम कसं होतं. एचआरला सवय नसेल तर मसुदा तुम्हीच करून द्या, तुमच्या साहेबांकडून तपासून घ्या आणि कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह इंग्रजीत घेऊन या.