ओझं आधी मोजून घे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

इथल्या शिकारीच्या परवान्याची सोडत, म्हणजे ड्रॉ, तुला लागल्यापासून तू मला दुर्बिणीबद्दल विचारलंस, बुटांबद्दल विचारलंस, गोळी किती ग्रेन वजनाची घ्यावी हे तर तीनदा विचारलंस. जमेल तशी उत्तरं दिली. एक प्रश्न मात्र अजून आला नाही, म्हणून हे पत्र. एल्क, म्हणजे इथलं ते मोठं हरीण, पडल्यावर तो गाडीपर्यंत आणायचा कसा?

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही त्याला कारण आहे. आपण शिकार ऐकलेली असते, पाहिलेली नसते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हळूहळू थांबली, आणि थांबली ते योग्यच झालं. मागे राहिल्या त्या गोष्टी. त्यांत मचाण असतं, हाकारे असतात, जनावर पुढ्यात येतं, बार होतो आणि गोष्ट संपते. ते जनावर उचलणारे, सोलणारे, डोंगर उतरून खाली आणणारे लोक गोष्ट सांगणाऱ्यांत नव्हते. माझे आजोबा त्या उचलणाऱ्यांतले. दाजीपूरचं रान तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं होतं आणि आजोबा हाकाऱ्यांत जायचे. लहानपणी आम्ही त्यांना शिकारीचं विचारायचो, तर बंदुकीचं ते काहीच सांगत नसत. खांद्यावरचा वासा, त्याचा उठलेला वळ, आणि उतारावर पुढच्याचा पाय घसरला की मागच्याच्या मानेवर येणारा भार, एवढंच सांगत. कोलोरॅडोत आल्यावर पहिल्यांदा एल्कची तंगडी पाठीवर घेतली तेव्हा मला त्यांचं बोलणं कळलं.

आता हिशेब कर. तुझा टॅग, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, मादीचा आहे. पूर्ण वाढलेली मादी साधारण सव्वादोनशे किलोची असते. हाडं काढून निखळ मांस साठ-सत्तर किलो निघतं. मागची एक तंगडी हाडासकट वीस-पंचवीस किलो भरते. तुम्ही तिघं. म्हणजे प्रत्येकी दोन खेपा धर. जनावर गाडीपासून तीन किलोमीटरवर पडलं, तर भरल्या पाठीने सहा किलोमीटर आणि मधे रिकाम्या पाठीने तीन. तू जाणार आहेस तो फ्लॅट टॉप्सचा डोंगराळ भाग १९७५ पासून विल्डरनेस म्हणून राखीव आहे, तिथे चाक चालत नाही. मोटार नाही, सायकल नाही, शिकारीच्या दुकानात मिळते ती हाताने ओढायची गाडीसुद्धा नाही. घोडं किंवा माणसाची पाठ, एवढंच.

माझ्या तिसऱ्या हंगामात मी एकटा होतो. शेवटच्या उजेडात एका खोल घळीच्या तळाशी मादी उभी दिसली, ऐंशी यार्डांवर. नेम बरोबर लागला, चाळीस पावलांत ती पडली. गाडी साडेचार किलोमीटरवर होती आणि मधे उभा चढ. मी पोट उघडून आतडी काढली आणि बाकीचं सकाळी करू म्हणून वर निघून गेलो. थंडी कडाक्याची होती, मला वाटलं मांसाला काय होतंय. कातडं तसंच ठेवलं. सकाळी आलो तर कातड्यावर हिव पडलेलं. मांडी उघडली, आणि खुब्याच्या हाडाजवळचं मांस अजून कोमट, हिरवट, वास मारणारं. एल्कचं कातडं म्हणजे जाड घोंगडं, त्याने ती ऊब रात्रभर आत धरून ठेवली होती. मागच्या दोन्ही तंगड्या गेल्या. वीस वर्षं झाली त्याला. ती मादी मी मारली आणि तिचा सगळ्यात चांगला भाग कुजवला, ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

तेव्हापासून मी नकाशावर गाडीभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढतो. त्याबाहेरचं जनावर मनसोक्त बघतो, बंदूक उचलत नाही. वर्तुळाच्या आतही घळ खोल असेल तर नाही. इथे कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास बार टाकता येतो, पण तुझ्या पहिल्या खेपेला तू सूर्य मावळताना थांबावंस असं मला वाटतं. अंधारात, दमलेल्या हातांनी, धारदार सुरीने काम करायला अजून सवय नाही तुला. आणि घोड्यावरून मांस उतरवून देणारे परवानाधारक लोक त्या भागात असतात. त्यांच्यातल्या एकाशी निघण्यापूर्वी बोलून ठेव, दर विचार, आणि नंबर कागदावर लिहून खिशात ठेव. तिथे फोनला रेंज नसते. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने का होईना, पण घेच.

उंचीचं थोडक्यात सांगतो. तू कळसूबाई दोनदा चढलीस, पण कळसूबाई १,६४६ मीटर. तिथल्या ट्रॅपर्स लेक या तळ्याचा काठच सुमारे २,९०० मीटरवर आहे आणि एल्क त्याच्याही वर असतात. तिथल्या प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के कमी प्राणवायू येतो. हंगाम पाच दिवसांचा आहे, तरी दोन दिवस आधी जा, पाणी पीत राहा, पहिल्या दिवशी फक्त हिंड. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या तर टॅग विसरायचा आणि खाली यायचं. तंबू मेलेल्या झाडांखाली लावू नकोस. १९४० च्या दशकात किड्याने तिथली स्प्रूसची रानंच्या रानं मारली आणि २००२ मध्ये तळ्याच्या बाजूला मोठी आग लागली. उभी वाळलेली झाडं वाऱ्याने पडतात. अंगात सुती काही नको, घामाने भिजलं की सुकत नाही. लोकर घाल.

एल्क दिसण्याआधी त्याला तुझा वास लागतो, हे मात्र नीट समजून घे. डोळ्यांना तो एक वेळ फसेल, नाकाला नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं, डोंगर तापला, की तीच हवा वर चढायला लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. रात्रभर एल्क मोकळ्या गवतात चरतात आणि उजाडता उजाडता दाट झाडीत, बहुधा उत्तरेकडच्या गार उतारावर, बसायला जातात. म्हणून पहाटे तू त्यांच्या खालच्या अंगाला असावंस आणि ऊन तापलं की वरच्या अंगाला. मधला तासभर हवा कुठेच धड नसते, त्या वेळी एका जागी बसून राहा. टाल्कम पावडरची छोटी बाटली गळ्यात अडकव आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून बघ. कोकणात पारधीला जाणारे मूठभर माती सोडून वारा बघत, तेच हे. ताज्या लेंड्या मऊ आणि चकचकीत असतात. बसण्याची जागा जवळ असेल तर ओलसर, गोठ्यासारखा वास येतो. तो आला की पाऊल थांबव.

आता गोळी झाडण्याबद्दल. जेवणाची कागदी प्लेट टांग, पाठीवरची पिशवी पुढे ठेवून, बसून, गुडघ्यावर, आणि शंभर मीटर पळून आल्यावर गोळ्या झाड. पाचातल्या पाच ज्या अंतरावरून प्लेटमध्ये जातात तेवढीच तुझी मर्यादा. मागच्या महिन्यात ती दीडशे यार्ड होती, तर डोंगरावरही दीडशेच. जनावर आडवं उभं असू दे. पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर. तिथे दोन्ही फुप्फुसं मिळतात. पाठमोऱ्या जनावरावर कधीच नाही. पलीकडे दुसरी मादी उभी असेल तरी नाही, गोळी आरपार जाते.

बार झाल्यावर लगेच दुसरी गोळी भरून तिथेच उभी राहा. जागा डोळ्यांनी धरून ठेव, कोणतं झाड, कोणता दगड. खाली पडलेली दिसत नसेल तर अर्धा तास हलू नकोस, तो अर्धा तास फार लांबतो. मग माग काढ. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, ती जवळच आहे. गडद असेल तर बहुधा यकृत. त्यात हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात गेली आहे. मग काही तास थांबावं लागतं, आणि ती सापडेपर्यंत शोधायचं. तुझे पाच दिवस त्यातच गेले तरी चालतील.

ती पडली की आधी टॅग फाडून सही आणि तारीख, मग फोटो, मग लगेच कातडं. पोट उघडायची गरज नाही. एका कुशीवर ठेव, पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातडं चीर आणि पोटाकडे सोलत जा. पुढच्या फऱ्याला खांद्याशी सांधा नसतो, नुसते स्नायू असतात. पाय वर उचलून धरला की सुरी आपोआप वाट काढते. मागच्या तंगडीला खुब्याची वाटी शोधावी लागते, ती मिळाली की आतला एक अस्थिबंध (लिगामेंट) कापायचा आणि तंगडी सुटते. मग कण्यालगतची पुठ, मानेचं मांस खिम्याला, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली मऊ पट्टी. मग कूस बदलून तेच पुन्हा. एका मागच्या तंगडीला कासेचा तुकडा लागलेलाच राहू दे. मादी होती याची खूण मांसाला जोडलेली असावी असा इथला नियम आहे. एक जण कापत असताना दुसऱ्याने फक्त धरायचं. तुकडे कापडी पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये अजिबात नाही, आणि सावलीत, वारा लागेल असे टांगायचे. लगेच नेता येणार नसेल तर उरलेल्या सांगाड्यापासून शंभरेक पावलं दूर, अस्वलं आधी तिकडे येतात.

डोक्यातल्या लसिकाग्रंथी तपासणीला दे. हरणांना मेंदूचा जो जीवघेणा रोग होतो, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, तो पहिल्यांदा तुझ्याच फोर्ट कॉलिन्समध्ये, संशोधनासाठी पाळलेल्या हरणांत, १९६७ साली लक्षात आला. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच राहू दे, आणि रोग निघाला तर खायचं नाही.

तुझ्या व्हिसाचं पुन्हा सांगतो. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक जवळ ठेवता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे तो कागद सतत तुझ्या अंगावर हवा, आणि त्याची मुदत संपली की तुझी सवलतही संपली. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घे, माझ्या शब्दावर विसंबू नकोस. झगझगीत (फ्लोरोसंट) भगवं जॅकेट आणि तशीच टोपी, एकूण ५०० चौरस इंच, तंबूतून बाहेर पडल्यापासून अंगावर पाहिजेच.

आईला अजून सांगितलं नाहीस, असं तू लिहिलंस. सांग. साताऱ्याहून तिला हे क्रूर वाटेल, आणि तसं वाटणाऱ्या माणसाला मी चूक म्हणणार नाही. तिला एवढं सांग, की १९१० च्या सुमारास या राज्यात जेमतेम हजारभर एल्क उरले होते, मग वायोमिंगहून आणून सोडले, आणि आज अडीच लाखांहून जास्त आहेत. तुझ्या परवान्याची फी आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-गोळ्यांवर बसणारा कर यांचा पैसा त्या राखणीला जातो. हेही सांग, की ते रान युट या मूळ रहिवासी लोकांचं होतं आणि १८८१ मध्ये त्यांना तिथून उटाहमध्ये हुसकलं. त्या जमिनीवर आपण पाहुणे आहोत. आणि ती विचारेल, मारताना तुला वाईट वाटणार नाही का? वाटेल असं सांग. मला अजून वाटतं. डोळ्यांवरची चमक जाते तेव्हा मी टोपी काढून थोडा वेळ शेजारी बसतो.

रिकाम्या हाताने आलीस तरी काही बिघडलं नाही. रायफलच्या हंगामात साधारण पाचातल्या एकालाच एल्क मिळतो.

माझ्या गॅरेजमध्ये पाठीवर ओझं बांधायच्या दोन पॅक फ्रेम आणि मांसाच्या धुतलेल्या आठ कापडी पिशव्या (गेम बॅगा) आहेत. रविवारी लव्हलँडला येऊन घेऊन जा. येताना तिघंही या. वीस-वीस किलो तांदळाची पोती फ्रेमवर बांधून मागच्या टेकडीवर एक फेरी मारू, म्हणजे कोणाचा पट्टा कुठे काचतो ते इथेच कळेल. आणि पायाच्या नळ्या रानात टाकून येऊ नका, त्यांचा तांबडा रस्सा मी करीन.

तुझा,
काका