प्रश्नोत्तरे : केळी, ‘केयी’ आणि प्रौढांचा वर्ग

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रौढ साक्षरता वर्ग चालवणाऱ्यांचे प्रश्न येतात. गावे बदलतात, पण गोंधळ तेच राहतात, म्हणून या वेळी पाच प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

उल्लास कार्यक्रमात शिकवणाऱ्याला मानधन मिळते का? (पारोळा)

नाही. 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला केंद्र सरकारचा हा प्रौढ साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांवरच चालतो.

एक विक्रेता ‘पंधरा दिवसांत साक्षर’ नावाचा संच प्रमाणपत्रासह विकतो आहे. बचतगटाच्या पैशांतून घ्यावा का? (जामनेर)

घेऊ नये. उल्लासची मराठीतील ‘उजास’ प्रवेशिका, म्हणजे वाचन-लेखनाचे पहिले पुस्तक, उपलब्ध असताना बायकांनी साठवलेले पैसे अशा संचावर घालवणे मला पटत नाही. प्रमाणपत्राचे म्हणाल, तर ते दुकानात मिळत नाही. त्यासाठी 150 गुणांची चाचणी द्यावी लागते आणि तीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण असतात. पुस्तके आणि नोंदणी या दोन्हींसाठी आधी शाळेच्या मुख्याध्यापकांना व केंद्रप्रमुखांना भेटावे.

आमच्या वर्गातील बायका ‘केळी’ला ‘केयी’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ वाचतात. कितीही सुधारले तरी फरक पडत नाही, उलट दोघींनी येणेच सोडले. उच्चार आधी पक्के करावेत का? (चोपडा)

दोघी का गेल्या, याचे उत्तर आपल्याच प्रश्नात आहे. प्रमाण मराठीत जिथे ‘ळ’ असतो, तिथे आपल्या खानदेशी बोलीत बहुधा ‘य’ येतो. काळा तो काया, फळ ते फय. ज्या बाईने फळ्यावरची ‘केळी’ ही अक्षरे पाहून ‘केयी’ म्हटले, तिने ते अक्षर ओळखले, शब्द जुळवला आणि अर्थही लावला. वाचन याहून वेगळे काय असते?

अशा एका वर्गात मी मागे बसलो होतो. साठीच्या एक आजी फळ्यापाशी आल्या, त्यांनी ‘के’खाली बोट ठेवले, मग ‘ळी’खाली ठेवले आणि ‘केयी’ म्हणून त्या वळून हसल्या. शिकवणाऱ्या मुलीने ‘आजी, केळी म्हणा, केळी’ असे तीनदा म्हणवून घेतले. आजींनी पदर तोंडाला लावला आणि त्या संध्याकाळी पुन्हा बोट उचलले नाही. मुलगी मनाने चांगली होती. तिला प्रशिक्षणात एवढी एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

वाचताना बोली चालू द्यावी आणि लिहिताना ‘ळ’ हा लेखनाचा संकेत म्हणून शिकवावा : ‘आपण म्हणतो केयी, कागदावर लिहितात केळी.’ शब्द त्यांच्या तोंडचे घ्यावेत. कापूस, पाणी, बाजार, भाव अशा चार शब्दांतून पुष्कळ अक्षरे निघतात, आणि त्यांची उलटापालट करून नवे शब्द त्याच बायका बनवतात. संपूर्ण बाराखडी घोकून घेतल्यावरच पहिला शब्द द्यायचा, ही लहान मुलांच्या शाळेतली सवय प्रौढांवर लादू नये. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी 1963 साली आंजिकोस येथे सुमारे 300 प्रौढांना शिकवले तेही रोजच्या जगण्यातले शब्द घेऊनच. बोलीला जागा दिली तर प्रमाण भाषा कधीच येत नाही, असे जे सांगितले जाते ते ऐकीव आहे. बोलीची थट्टा झाली की माणूसच येत नाही, हे मात्र मी अनेकदा पाहिले आहे.

एक सावधगिरी बाळगावी. सातपुड्यातील पावरी किंवा भिली बोलणाऱ्यांच्या वर्गाला हा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथे ती बोली बोलणारा स्वयंसेवक शोधावा आणि पाठ ठरवण्यापूर्वी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील भाषेच्या अधिव्याख्यात्यांशी बोलावे. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. तिथे घाईने केलेला प्रयोग परवडणार नाही.

पन्नाशीतल्या एक काकू पुस्तक हातभर लांब धरतात आणि दहा मिनिटांत डोके दुखते म्हणून मिटून ठेवतात. या वयात मेंदू चालत नाही, असे गावात म्हणतात. खरे आहे का? (यावल)

मेंदूचा यात बहुधा काही दोष नाही. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग लवचिकता गमावते, जवळचे धूसर दिसते, आणि ज्यांनी पूर्वी कधी वाचलेलेच नाही त्यांना हे कळत नाही. मात्र आठवडी बाजारातला चष्मा उचलून देऊ नये. मोतीबिंदू किंवा मधुमेहाचा त्रासही असू शकतो, तेव्हा प्रथम ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी करून घ्यावी. खरे तर ही तपासणी वर्गाच्या पहिल्या आठवड्यातच सर्वांची व्हायला हवी होती.

दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबे जातात आणि वर्ग ओस पडतो. काय करावे? (शहादा)

टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी हा प्रश्न विचारून उपयोग नाही. जाणारी कुटुंबे कोणती हे गावाला श्रावणातच ठाऊक असते, म्हणून त्यांचा वर्ग पावसाळ्यातच सुरू करावा. शक्य असेल तर त्याच टोळीतील एखाद्या शिकलेल्या मुलाला तयार करून पुस्तके त्याच्याबरोबर द्यावीत, आणि चाचणीच्या वेळी कुटुंब कुठे असेल ते मुकादमाला विचारून केंद्रप्रमुखांना लेखी कळवावे.