पोहायचा पूल मांडायच्या आधी जमिनीचं बघ भावा

गोराईला अंगणात फ्रेमवाला पूल लावतोयस ना, मग आधी वजनाचा हिशोब कर. १० फूट गोल पूल २ फूट भरला तरी साधारण साडेचार हजार लिटर पाणी, म्हणजे साडेचार टन, त्यामुळे नुसत्या डोळ्याने "सपाट वाटतंय" म्हणून चालत नाही. गवंड्याकडची लेव्हल पाइप घे, ती पारदर्शक नळी, पाणी भरायचं आणि आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मधे एक खुंटी ठोकून नळीचं एक टोक तिथे धर, दुसरं चारी बाजूंना फिरवून पाण्याच्या पातळीवरून माप घे. एक इंचाच्या वर फरक निघाला तर उंच बाजू खणून काढ, सखल बाजूला भराव टाकू नकोस!! मी तेच केलं होतं, लाल माती टाकून वर पाय आपटले आणि झालं म्हटलं, पहिल्या दोन पावसात माती बसली, पूल तिकडे कलला, एक पाय वाकडा, सगळं पाणी सोडून द्यावं लागलं, शेजारच्या काकू अजून टोमणे मारतात.

आणि लव्हाळा मुळासकट काढ हं, गाठी राहिल्या तर कोंब सुईसारखा लायनर (पुलाचं प्लास्टिकचं अस्तर) फोडून वर येतो. मग पाणी मारून धुम्मस कर, म्हणजे ठोकून माती घट्ट बसव, वर चाळलेली रेती इंचभर, त्यावर जाड ताडपत्री. फ्रेमच्या पायांखाली फरशीचे तुकडे जमिनीच्या लेव्हलला गाडून घे. आणि हे सगळं मेच्या आत उरक.