सम्पची पाइपिंग: आधी पाणी मोजा, मग पाइप कापा

माशांची चार फुटी टाकी, खाली कपाटात अडीच फुटी सम्प (वरून आलेलं पाणी जिथे गाळून पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी), आणि प्लंबर म्हणतोय, 'सगळं अर्धा इंची सीपीव्हीसीत चिकटवून देतो, वर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकू, टेन्शन नाही.' हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप.) नाही चालणार. त्यात प्लंबरची चूक नाही. त्याचा सगळा धंदा दाबाच्या पाण्याचा आहे. आपल्या टाकीतून खाली येणारं पाणी मात्र नुसतं स्वतःच्या वजनाने येतं, त्याला रुंद वाट लागते.

पाइप आणायला जायच्या आधी पट्टी घ्या. चार फूट बाय दीड फूट म्हणजे १२० गुणिले ४५ सेंटिमीटर. टाकीतलं पाणी एक सेंटिमीटरने उतरलं की ५.४ लिटर खाली येतं. आता लाइट गेली असं समजा. पंप थांबला, पण रिटर्नचं, म्हणजे पंपाकडून वर जाणाऱ्या पाइपाचं, तोंड टाकीच्या पाण्यात बुडालेलं आहे, त्यामुळे सायफन लागतो आणि त्याच पाइपातून पाणी उलटं उतरू लागतं. तोंडात हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. तोंड ५ सेंटिमीटर खोल असेल तर २७ लिटर. तुमचा सम्प ७५ बाय ३० धरला तर त्यात एक सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन लिटर, म्हणजे पातळी १२ सेंटिमीटरने चढणार. शिवाय ओव्हरफ्लोच्या (वरच्या टाकीतून पाणी जिथून खाली सुटतं त्या) कप्प्यातलं आणि पाइपांतलं पाणी वेगळं. तोंड १० सेंटिमीटर खोल ठेवलंत तर चढ २४ सेंटिमीटरचा. ३५ सेंटिमीटर उंचीचा सम्प एरवी निम्मा जरी भरलेला असेल तरी ते पाणी हॉलमध्ये येणार.

हे मी बादली-पोछ्याच्या अनुभवावरून सांगतोय. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. आपल्याकडे लाइट जात नाही या भरवशावर मी होतो. रिटर्नच्या पाइपाला सायफन तोडायचं भोक होतं, पण शेवाळाने बुजलेलं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही होता. त्याच्या झडपेत मोहरीएवढी गोगलगाय अडकली होती, ती नंतर सापडली. कपाटाचं प्लायवूड फुगलं ते फुगलंच, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर नकाशा उमटला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वर येऊन टाकीकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

म्हणून व्हॉल्व्ह हवा तर लावा, पण हिशेबात धरू नका. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा आणि पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली पाइपाला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकातून बारीक धार उडेल, ती टाकीच्या आतच पडेल अशी दिशा ठेवा.

उलटा अपघातही होतो. खाली येणारा पाइप तुंबला तर पंप सम्पमधल्या आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकतो. कप्पा २० बाय ३० आणि पाणी १५ सेंटिमीटर असेल तर ९ लिटर, म्हणजे वरची पातळी पावणेदोन सेंटिमीटरने चढेल. टाकीच्या काठाशी तेवढी मोकळी जागा आहे का ते बघा.

आता पाइप. खाली येणारा एक इंची, वर जाणारा पाऊण इंची. जागा असेल तर खाली येणारे दोन करा: एक चालू, व्हॉल्व्हने पाणी जुळवलेला, आणि दुसरा थोडा उंचावर, एरवी कोरडा, पहिला तुंबला तर कामाला येणारा. कोरड्यावर व्हॉल्व्ह कधीच नको. मुलं फिरवतात. मोठी माणसंही फिरवतात.

दुकानात 'एक इंची' म्हणालात की तीन वेगळे पाइप समोर येऊ शकतात, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. पांढरा यूपीव्हीसी एक इंची बाहेरून ३३.४ मिलिमीटर असतो, क्रीम रंगाचा सीपीव्हीसी २८.६, आणि राखाडी शेतीचा ३२, ज्याला दुकानदार खुशाल एक इंचीच म्हणतो. राखाडी पाइप पांढऱ्या एल्बोत घातला की बसल्यासारखा वाटतो. तो बसलेला नसतो, त्यात सैल फिरत असतो, आणि पाइप चिकटवायचं सोल्युशन ती फट भरत नाही. थंड पाण्याला सीपीव्हीसीची गरजच नाही. पांढरा यूपीव्हीसी घ्या, फिटिंग्ज आणि सोल्युशनही त्याचंच, एकाच दुकानातून. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलात तर पाइपाचा एक तुकडा खिशात घेऊन जा आणि प्रत्येक फिटिंग काउंटरवरच लावून बघा. व्हॉल्व्ह आणि युनियन (हाताने उघडता येणारा जोड) घ्यायला विसरू नका. पंपाच्या वर एक युनियन, सम्पच्या वर एक. नाहीतर पंप साफ करायला दर वेळी हॅक्सॉ लागेल.

पितळ मात्र आत येऊ देऊ नका. आटे असलेल्या बऱ्याच फिटिंग्जमध्ये पितळी इन्सर्ट असतो, प्लंबरला तोच मजबूत वाटतो. पितळात तांबं असतं आणि तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांच्या जिवावर उठतं. आट्यांवर सुतळी आणि सफेदाही नको, टेफ्लॉन टेप पुरे.

काचेला भोक पाडायचं असेल तर ती टफन्ड नाही याची खात्री करा, टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. टँक निपलचा (काचेच्या भोकात बसवून पाइप जोडायच्या फिटिंगचा) रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, नट बाहेर. हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा. पान्याने आवळलं की काच जाते.

चिकटवण्यात फार काही नाही. कापलेल्या कडेचा बुरा काढा, कोरडं पुसा, दोन्हीकडे सोल्युशन लावा, आत ढकलताना पाव फेरा द्या आणि तीसेक सेकंद धरून ठेवा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. आधी सगळं कोरडं जुळवून पेनने खुणा करा. हे काम गॅलरीत करा, वासाने डोकं दुखतं. चोवीस तास पाणी नको, पावसाळ्यात दोन दिवस थांबा.

मासे टाकायच्या आधी टाकी नळाच्या पाण्याने भरून पंप चालवा, रात्रभर जोडांखाली कोरडा कागद ठेवा. ओला डाग उमटला तर तो जोड कापून नवा करा, वरून एम-सील लावून भागत नाही. मग प्लग ओढा. पाणी थांबेपर्यंत बघत बसा, पुन्हा चालू करा, असं तीन वेळा. एकदाही सांडलं नाही, तर पंप चालू असताना पंपाच्या कप्प्यात जिथे पाणी असतं तिथे काचेवर मार्करने रेघ मारा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की पाणी घालायचं ते या रेघेपर्यंतच. माझ्याकडे ती रेघ लाल आहे, आणि सायफनच्या भोकात टोचायची टूथपिक तिच्या शेजारीच चिकटवलेली आहे.