तिसरं मशिन

प्रिय मित्रा,

परवा तू व्हीएमसीचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनचं, कोटेशन माझ्यासमोर ठेवलंस आणि म्हणालास, "काका, आता नाही वाढलो तर संपलो." डोळे तारवटलेले होते तुझे, म्हणून लिहायला बसलो. धीर द्यायची गरज नाही. काम तुला येतं, तो प्रश्नच नाही.

तुझं पुरे किती, ते आकड्यात सांग. महिन्याला किती रुपये, किती माणसं, रात्री किती वाजता शटर खाली. मी विचारलं तर तू म्हणालास, "बघू." बँकेला 'बघू' चालत नाही.

२००७ मध्ये मीही तिसरं मशिन घेतलं, एका कंपनीच्या तोंडी शब्दावर. २००८ च्या दिवाळीनंतर तिच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, हप्ता तेवढाच. मशिनवर निळी ताडपत्री आणि तिच्यावर चहाचा ट्रे. पेमेंट चार-चार महिने अडकायचं. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, मला पाठ होती. पण निम्मं शॉप ज्याच्या जिवावर चालतं त्याला कायदा कोण दाखवणार? शेवटी अकरा वर्षं सोबत असलेला ऑपरेटर मी कमी केला. त्याच्या पोरीची दहावी होती त्या वर्षी. आजही भोसरीत भेटला की "शेठ" म्हणतो, आणि मान माझी खाली जाते. पुरे किती, हे मी तेव्हा ठरवलेलंच नव्हतं रे!

मशिन विकलं. तेव्हापासून दोनच. बरोबरीच्यांच्या चाकणला शेड झाल्या, लोक म्हणतात हा घाबरला. चार वेळा चालून आलेली ऑर्डर मी परत पाठवली. भित्रा माणूस हे करेल का?

नगरजवळ हिवरे बाजारला एकदा जाऊन ये. पावसाळा सरला की गाव पाणी मोजतं. माणसांचं, गुरांचं आधी बाजूला, मग उरेल त्यावर पिकं ठरतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. तू आधी मशिन घेणार आणि मग त्याचं पोट भरायला काम शोधत हिंडणार. मग कुठलं काम घ्यायचं ते तुझा हप्ता ठरवेल.

मशिन घेऊच नकोस असं नाही म्हणत मी. आकडा काढ, त्यात बसलं तर बँकेत मी स्वतः येतो तुझ्याबरोबर.

रविवारी ये. कोटेशन घरी राहू दे, वर्षभराची जमाखर्चाची वही आण. आणि ॲडव्हान्स दिला नसशील, तर तोवर देऊ नकोस.

तुझा,
काका