बाटली कोणी भरली ते आधी सांगा

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी एप्रिलमध्ये लॅबला दिलं, तर नायट्रेट लिटरमागे ६२ मिलिग्रॅम आलं. सगळे घाबरले, मीटिंगमध्ये भांडणं झाली. मे महिन्यात दुसऱ्या लॅबला दिलं तर २१. पहिल्यांदा वॉचमनने सकाळी मोटर चालू करून लगेच बाटली भरली होती, दुसऱ्यांदा मोटर बिघडली होती म्हणून टेरेसच्या टाकीतून घेतली. खरं कुठलं मानायचं? – सोसायटीचे सचिव, धायरी

उत्तर: अहो, उत्तर तुमच्या पत्रातच आहे की! टाकीत टँकरचं पाणी पडतं, कॉर्पोरेशनचंही पडतं, म्हणजे ते २१ बोअरचं नाहीच. आणि पहिली बाटली रात्रभर पाइपात नि केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेल्या नळीत, उभ्या राहिलेल्या पाण्याची, खडकातून ताज्या आलेल्या पाण्याची नाही. दोन्ही लॅब बरोबर असतील, पाणीच वेगळं होतं.

पुन्हा करा. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे साधारण २१ लिटर पाणी मावतं. समजा बोअर ६० मीटर खोल आहे आणि पाणी २० मीटरवर आहे, तर ४० मीटरचा पाण्याचा खांब, म्हणजे साडेआठशे लिटर, आणि नियम असा की निदान तिप्पट उपसायचं, म्हणजे अडीच हजाराच्या वर. मिनिटाला ५० लिटर देणारी मोटर असेल तर पाऊण-एक तास. वाया घालवू नका, टाकीतच सोडा, फक्त बाटली टाकीच्या आधीच्या नळावर भरा. जवळ पीएच (पाण्याचा आम्लपणा) आणि कंडक्टिव्हिटीचा (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) छोटा मीटर असेल तर दर पाच मिनिटांनी बघा, लागोपाठ तीन वेळा पीएच ०.१ च्या आत आणि कंडक्टिव्हिटी ३ टक्क्यांच्या आत राहिली की घ्या नमुना. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा, कारण उन्हात गाडीत राहिली तर जंतू नायट्रेटचं गणित बदलून टाकतात. जंतूंची तपासणी हवी असेल तर लॅबकडूनच निर्जंतुक बाटली आणा, ती मात्र अजिबात विसळायची नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही.

लेबल तिथल्या तिथे लिहा. माझ्या पहिल्या नोकरीत मी धातूंच्या तपासणीची बाटली, म्हणजे ज्यात नायट्रिक अ‍ॅसिड घालतात ती, नायट्रेटच्या लेबलखाली पाठवली होती. रिपोर्ट आला हजाराच्या वर, अर्थात त्या अॅसिडमुळेच! साहेबांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चहा सांगितला, बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

आणि हो, पुन्हाही ४५ च्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, वर आलं तर उकळून पिऊ नका. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. आधी ड्रेनेज कुठे फुटलंय ते शोधा.

प्रश्न: चाकणला आमच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीजवळ निरीक्षण विहीर (सांडपाणी जमिनीत झिरपतंय का ते तपासायची) घ्यायला सांगितलंय. आवारात जुना बंद पडलेला बोअर आहे, तोच चालेल का? खर्च वाचेल. – एक वाचक, चाकण

उत्तर: नाही चालणार ताई. आपल्याकडचा खडक थरांचा. वर मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊसर खडक), मग काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा, खाली परत तेच. जुन्या बोअरला केसिंग फक्त वरच्या मुरमापुरतं असतं, खाली भोक उघडं, त्यामुळे सगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र होतं. वरचं घाण झालं असलं तरी खालच्या भरपूर पाण्यात ते पातळ होऊन रिपोर्ट छान येतो, आणि तुमच्याच बोअरमधून घाण खाली उतरत राहते ते वेगळंच.

नवीन घ्या, अरुंद, आणि ज्या थराचं पाणी बघायचंय तेवढ्याच उंचीवर फटींचा पाइप बसवा. पाइपाचे आटे एकमेकांत फिरवून जोडायचे, चिकटवायचं सोल्युशन लावायचं नाही, त्यातलं रसायन नमुन्यात उतरतं. फटींच्या बाहेरून धुतलेली गारगोटीची वाळू, ती फटींच्या वर थोडी चढेपर्यंत, त्यावर बेंटोनाइट मातीचा जाड थर टाकून फुगू द्यायचा, मग वरपर्यंत सिमेंट. वर कुलूप लागणारं झाकण आणि बाहेर उताराचा ओटा. बेंटोनाइटवरच ठेकेदार घाई करतात, तिथे स्वतः उभ्या राहा. ड्रिलिंगला दर मीटरचा चुरा प्लास्टिकवर ओळीने मांडायला लावा. ऑपरेटर विचारलं की "काळा, काळा, काळाच" एवढंच सांगतो, पण ओल्या चुऱ्यात लाली दिसली की थर बदलला. नंतर पाणी नितळ येईपर्यंत उपसा, काही दिवस थांबा, मग नमुना. एका विहिरीवर भागत नाही, पाणी कुठून कुठे जातं ते कळायला निदान तीन लागतात, आणि त्या एका ओळीत नकोत, त्रिकोणात हव्यात.

प्रश्न: बोअरची पातळी घरच्या घरी मोजता येईल का? – वाचक, हडपसर

उत्तर: येईल. पाण्याला लागला की बीप वाजणारा टेप मिळतो. केसिंगच्या काठावर ऑइल पेंटची एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा, पहाटे, मोटर चालू व्हायच्या आधी. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, चार वेळा वहीत लिहिलं तरी पुष्कळ. टेप मोटरच्या केबलमध्ये अडकला तर ओढाताण करू नका, थोडा खाली सोडून फिरवा, सुटतो.